रेघा दिसल्या तर

धडगावच्या ग्रामीण रुग्णालयात
ती बाँडचं एक वर्ष भरायला आली तेव्हा
सोबत पत्र्याची ट्रंक, भरताच्या वांग्यांची पिशवी
आणि चपलेवर उलटी.
चांदसैलीच्या घाटानं तिला पार पिळून काढलं होतं.
डॉ. स्वरूपा ढाके, मुक्काम बामणोद.
हीच बाई पुढं पृथ्वी सोडून जाईल
असं त्या दिवशी कुणी म्हटलं असतं
तर मी त्याचाही नमुना घेतला असता.

मी तिथला लॅब टेक्निशियन.
रक्त बघायला तिला मी शिकवलं, हे कुठं लिहिलेलं नाही.
बोटाला टोचायचं. पहिला थेंब पुसायचा.
दुसरा नळीत. पाच मिनिटं थांबायचं,
मग नळीमागे रेघांचा कागद धरायचा.
रेघा दिसल्या तर पोरगं खेळायला मोकळं.
नाही दिसल्या तर आईला बाकावर बसवायचं
आणि आधी पाणी द्यायचं.

सूक्ष्मदर्शकात वाकलेल्या पेशी बघून
एक शिकाऊ पोरगा म्हणाला, चंद्राची कोरच जणू.
ती म्हणाली, कोर नाही, विळा.
ज्याच्या हाडांतून फिरतो त्याला विचार.
चार नंबरच्या खाटेवर बिलगावचा सायसिंग, वय अकरा,
गुडघे पोटाशी घेऊन दात वाजवत होता.
ती रात्रभर स्टुलावर, सलाईनचे थेंब मोजत.
"हे वरून खाली पडतं म्हणून बरंय, भाऊ.
पडलंच नाही तर?"
मला वाटलं, बाईला झोप आलीय.

एक वर्षाची तीन झाली.
मग बंगळुरूहून पाकीट आलं. विमानवैद्यक.
वैमानिकांचे कान, डोळे, चक्कर तपासायची नोकरी.
तपासता तपासता एक दिवस तिलाच
गरगर फिरणाऱ्या यंत्रात बसवलं.
फोनवर म्हणाली, छातीवर आठ माणसं बसल्यासारखी,
तरी चांदसैली वाईट.
अर्जात 'प्रवासात उलटी होते का' असा रकाना होता म्हणे.
तिनं काय लिहिलं ते मी विचारलं नाही.
तिची आई कळण्याची भाकरी थापता थापता
एवढंच बोलली, "तठी काय खाशीन वं?"

वर गेल्यावर नवव्या दिवशी मेल आला.
'भाऊ, इथं रक्त पायांना विसरतं, डोक्यात चढतं.
तोंड कानबाईच्या नारळासारखं झालंय
आणि पाय बगळ्याचे.
लाल पेशी इथं जास्तच फुटतात, धडधाकट माणसाच्याही.
मी माझंच रक्त काढते.
थेंब पडत नाही, सुईच्या टोकावर गोल होऊन बसतो.
पहिला पुसला. सवय.'

प्रिंटरमध्ये शाई नव्हती. मोबाईलवरच सायसिंगला दाखवला.
तो आता आश्रमशाळेत शिपाई. गोळी रोज घेतो,
थंडीत कमरेला पट्टा बांधतो.
म्हणाला, मग बाईंना आता कळलं असंल,
अंग आपलं असून आपलं ऐकत नाही ते.
बोलण्यात राग नव्हता.
थोडा होता.

परवा पहाटे ती आमच्यावरून जाणार होती.
गच्चीवर आम्ही पाच जण: रात्रपाळीची सिस्टर,
वॉचमन, सायसिंग, मी, आणि एका बाळंतिणीचा नवरा,
त्याला खाली करमत नव्हतं म्हणून.
नर्मदेच्या अंगानं एक ठिपका आला,
तोरणमाळकडे गेला. चार मिनिटंही नाही.
बाळंतिणीचा नवरा म्हणाला, विमान असंल.
कुणी त्याला दुरुस्त केलं नाही.

दुपारच्या फेरीत तिनं खाली पाहिलं असणार.
संध्याकाळी तीन ओळी आल्या:
'काचेला कपाळ लावून बघितलं.
तापीची रेघ दिसली. नर्मदेवर ढग होते.
नमुना पुन्हा घ्यावा.'

मी हसलो, आणि रजिस्टर उघडलं.
बाकावर भुशा गावची बाई, मांडीवर पोर,
पोराच्या दोन्ही मुठी गच्च.
म्हटलं, बोट दे रे दादा.
एकच दे.